शेतकऱ्याच्या नावाने उघडलेला बाजार: मोझांबिकच्या काजूचे काय झाले?

सह्यकडा

शेजारच्या धाग्यावर 'गरीब देशांनी बाजार उघडला की भले होते, न उघडणारे उपाशी मरतात' असा सूर लागला होता. तिथे दोन ओळींत उत्तर देणे जमेना, म्हणून हा वेगळा धागा. खुल्या बाजारावर सरसकट बोलायला गेलो तर हाती काहीच लागत नाही. एक देश, एक पीक आणि कर्जासोबत आलेली एक अट एवढेच घेतो. पीक आपल्या घरचे आहे.

पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू गोव्यात आणला, तसाच आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोझांबिकलाही नेला. तिकडे तो असा फोफावला की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला २ लाख टनांच्या वर बी निघत होती. जगात पहिला नंबर. त्यातली बरीचशी बी फोडायला भारतात, मुख्यतः केरळात कोल्लमला यायची. त्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते जानेवारी, आपला मार्च ते मे. आपल्या कारखान्यांची गोदामे रिकामी व्हायच्या सुमारास त्यांची बी बोटीने निघायची, असे जुळलेले गणित होते.

१९७५ साली देश स्वतंत्र झाला. पोर्तुगीज मालक पळून गेले, कारखाने सरकारकडे आले आणि कच्च्या बीच्या निर्यातीवर बंदी आली. बी इथेच फुटली पाहिजे, रोजगार इथेच राहिला पाहिजे, असा विचार. विचारात खोट नव्हती, पण त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली. भाव सरकार ठरवणार, आणि तो पडेल. त्यात १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवी युद्ध. रस्ते बंद, वाड्या ओस, झाडे म्हातारी झालेली, नवी लावायला कोणी नाही. उत्पादन पार रसातळाला गेले.

१९८७ मध्ये जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या देखरेखीखाली 'संरचनात्मक समायोजन', म्हणजे कर्जाच्या बदल्यात अर्थव्यवस्था खुली करण्याचा कार्यक्रम, सुरू झाले. नव्वदीच्या सुरुवातीला बंदी उठली, तिच्या जागी निर्यात कर आला. मग सरकारने काजू कारखाने खासगी मालकांना विकले. विक्री १९९४-९५ च्या सुमारास उरकते आहे, नवे मालक पैसे घालत आहेत, आणि त्याच वेळी १९९५ मध्ये बँकेची अट येते: कच्च्या बीवरचा निर्यात कर उतरवत न्या. १९९५-९६ ला २० टक्के, पुढच्या वर्षी १४, आणि तसेच खाली. मालक म्हणाले, संरक्षण राहील या भरवशावर आम्ही कारखाने घेतले. एका हाताने विकले आणि दुसऱ्या हाताने पायाखालची जमीन काढून घेतली.

बँकेचा युक्तिवाद हलका नव्हता. कारखाने जुनाट आणि अवजड, त्यांच्यात काजू फुटतो तो तुकड्यांत. देशाने गर निर्यात करून जे मिळवले त्यापेक्षा कच्ची बी विकून जास्त मिळाले असते, असा तिचा दावा होता. कर लावून बीचा भाव दाबायचा म्हणजे लाखो गरीब शेतकऱ्यांच्या खिशातून काढून मूठभर कारखानदारांना द्यायचे. कर काढा, भारतीय खरेदीदार चढा भाव देतील, तो शेतकऱ्यापर्यंत पोचेल, तो झाडांची निगा राखेल, नवी झाडे लावेल. कागदावर कुठेच चूक नाही.

झाले काय? २००१ पर्यंत मोठे कारखाने बहुतेक बंद पडले. उद्योगात सुमारे ११ हजार कामगार होते, त्यांतले ९० टक्क्यांच्या आसपास घरी बसले. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. आणि शेतकरी? दानी रॉड्रिक आणि त्यांच्या दोन सहकारी अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये याचा हिशेब मांडला. निर्बंध उतरवल्याचा थेट फायदा वर्षाला ६६ लाख डॉलर, म्हणजे देशाच्या उत्पन्नाच्या ०.१४ टक्के. त्यातले शेतकऱ्यांच्या वाट्याला फार तर ५३ लाख. दर काजूवाल्या कुटुंबामागे वर्षाला ५ डॉलर ३० सेंट. दुसऱ्या बाजूला शहरातल्या बेकारीने हा फायदा जवळजवळ खाऊन टाकला.

रॉड्रिक काही बाजारद्वेष्टे नव्हेत, त्यामुळे हा हिशेब मला जास्त बोलका वाटतो. बाजार वाईट की चांगला हा माझा प्रश्नच नाही. बंदरावर वाढलेला भाव झाडाखाली बसलेल्या माणसापर्यंत कोणत्या वाटेने जाणार, हे न बघता अट घातली गेली, एवढेच माझे म्हणणे.

खवट_चहा

पॉपकॉर्नऐवजी खारे काजू घेऊन बसलो आहे. येऊ द्या.

नफातोटा

लेख चांगला, निष्कर्षाशी असहमत.

तुमच्याच आकड्यांवरून बघू. ५३ लाख भागिले ५.३० म्हणजे १० लाख कुटुंबे. एका पारड्यात १० लाख शेतकरी कुटुंबे, दुसऱ्यात ११ हजार कामगार. कारखान्याचा फोटो काढता येतो, मोर्चा काढता येतो, बंद गेटची बातमी होते. दहा लाख शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे कमी भाव मिळत राहिला त्याचा फोटो निघत नाही. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमनने २००० साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये याच प्रकरणावर लिहिताना बँकेचीच बाजू घेतली होती. त्यालाही कोणी उजवा म्हणणार नाही.

आणि पाच डॉलरला हसू नका. तेव्हाचा मोझांबिक जगातल्या सर्वांत गरीब देशांपैकी एक होता. तिथे पाच डॉलरला साबण, मीठ, कापड येते.

आपल्याकडे १९९१ मध्ये हेच रडगाणे होते. जुलैमध्ये जवळपास ४७ टन सोने विमानाने परदेशी गहाण गेले, दोन टप्प्यांत रुपया उतरवला, परवाना राज मोडले. तेव्हाही 'देश विकला' म्हणणारे होते. आज तेच लोक ॲपवरून काजू मागवतात.

वेंगुर्ल्याची_वहिनी

माझे छोटे काजू युनिट आहे, सिंधुदुर्गात. अर्थशास्त्र तुम्ही बघा, मी फक्त 'काजू तुकड्यांत फुटतो' या एका वाक्यावर लिहिते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

चार किलो बीतून ढोबळमानाने एक किलो गर पडतो. पण कोणता गर? अख्खा निघाला तर तो डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असा ग्रेडला लागतो. ३२० म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे नग. पाकळी झाली की भाव उतरला, तुकडा झाला की आणखी उतरला. बी तीच, मजुरी तीच, वीज तीच. नफा राहतो तो अख्ख्या गरात.

आमच्याकडे बी वाफवून थंड करतात, मग पायाने दाबायच्या कटिंग मशीनवर बाई एकेक बी लावते. पात्यात बी कशी धरायची हे तिच्या बोटांना कळते. वाकडी बी, चपटी बी, टरफल जाड असलेली, सगळ्यांना वेगळा हात लागतो. टरफलातले तेल लागले की कातडी जळते, म्हणून हाताला तेल आणि राख. नवीन मुलीकडून पहिले काही आठवडे पाकळीच जास्त पडते. मोझांबिकमध्ये जे भलेमोठे कारखाने होते त्यांत बी जोरात आपटून फोडायची यंत्रे होती असे आमच्या धंद्यातले जुने लोक सांगतात. सगळ्या आकाराच्या बीला एकच दणका. तुकडा पडणारच.

तेव्हा बँक म्हणाली ते 'कारखाने नालायक' खोटे नसावे. पण यंत्र नालायक असले म्हणून काजू फोडणेच त्या देशाला जमणार नाही, हे कोणी ठरवले? दहा मशीन, वीस बायका आणि एक बॉयलर एवढ्यावर धंदा उभा राहतो. आम्ही तसाच केला.

सह्यकडा

वहिनी, अगदी हेच पुढे घडले, त्यावर खाली येतो. आधी @नफातोटा.

१० लाख विरुद्ध ११ हजार हा हिशेब बरोबर ठरायला एक गृहीतक लागते: कर उतरला तेवढा भाव शेतकऱ्याला वाढवून मिळाला. तसे झाले नाही. बी घेणारे देश मोजके. खरा मोठा गिऱ्हाईक एकच, भारत. मधे निर्यातदार, त्याच्या खाली ठोक व्यापारी, त्याच्या खाली गावचा दुकानदार. युद्धाने रस्ते उखडलेले, त्यामुळे एका गावात दुसरा खरेदीदार फिरकतच नाही. स्पर्धाच नसेल तर वाढीव भाव मधल्या मध्ये मुरतो.

दुसरे, नवी लागवड. काजूचे झाड धरायला काही वर्षे जातात. उद्या धोरण फिरणार नाही याची खात्री असेल तरच माणूस झाड लावतो. तिथे दर दोन वर्षांनी कर वर-खाली. १९९९ मध्ये तर संसदेनेच कायदा करून कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांवर नेला. सरकारने सुधारणा मनापासून केली नव्हती, कर्जासाठी केली होती, आणि ते गावातल्या शेतकऱ्यालाही दिसत होते.

१९९१ चे उदाहरण इथे लागू होत नाही असे माझे मत. आपल्याकडेही नाणेनिधीच्या अटी होत्या, मान्य. पण काय आधी उघडायचे, काय नंतर आणि काय नाहीच, यावर दिल्लीत भांडायला माणसे होती, आकडे होते, संसद होती. शेतीमालाच्या आयातीवरची बंधने आपण पुढची कितीतरी वर्षे ठेवली. भांडवली खात्यावर रुपया आजही पूर्ण खुला नाही. मापुटोच्या, म्हणजे मोझांबिकच्या राजधानीतल्या, सरकारचा संसारच परदेशी मदतीवर चालायचा. ते कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

परखडराव

झाला सुरू डाव्यांचा अजेंडा. फ्रेलिमो मार्क्सवादी पक्ष, त्यांनी देश बुडवला, आणि दोष बँकेला. वा!

सह्यकडा

परखडराव, फ्रेलिमोने भाव पाडून शेतकऱ्याला नागवले हे मूळ लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे. वर स्क्रोल करून बघा की राव.

नांपुलाकर

मी वाचनमात्र असतो. पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा निघाला म्हणून टंकतोय. २००० नंतरच्या दशकात एका भारतीय कंपनीसाठी उत्तर मोझांबिकमध्ये, नांपुला प्रांतात, काजू खरेदीच्या कामावर होतो.

भाव मधल्या मध्ये कसा मुरतो ते सांगतो. आमच्या धंद्यात बीचा भाव ठरतो आउटटर्नवर. ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघेल, तो आकडा. नमुना काढायचा, बी कापायची, चांगला गर, डागी गर, पोचट वेगळे करून वजन करायचे. ४८ निघाला तर आनंद, ४४ निघाला तर घासाघीस. बंदरावरच्या प्रत्येक सौद्यात हा आकडा असतो. एक पौंड इकडे तिकडे झाला तर अख्ख्या कंटेनरचे गणित फिरते.

गावात हा शब्दसुद्धा कोणाला ठाऊक नसतो. शेतकरीण डोक्यावरून टोपली घेऊन दुकानदाराकडे येते. तो डब्याने मोजतो किंवा त्याच्या काट्यावर तोलतो. काटा त्याचा, मापही त्याचे. चांगली सुकवलेली बी आणि ओलसर बी, दोघींना एकच भाव. बऱ्याचदा पैसे नाहीतच, बदल्यात साखर, साबण, कापडाचा तुकडा. तिला पुढचा बाजार म्हणजे उन्हात अर्ध्या दिवसाची पायपीट, आणि तिथला दुकानदारही याच्याच साखळीतला.

आता सांगा, निर्यात कर वर-खाली झाला हे तिला कळणार कसे? मला कळायचे. ज्या निर्यातदाराकडून मी घ्यायचो त्याला कळायचे. आमच्या दोघांमध्ये कराच्या एकेका टक्क्यावरून खडाजंगी व्हायची. तिचे नाव त्या बोलण्यात येतच नसे.

एक मात्र खरे, @नफातोटा. जिथे रस्ता दुरुस्त झाला आणि दोन-तीन खरेदीदारांचे ट्रक एकाच गावात येऊ लागले तिथे भाव लगेच चढायचा. एका हंगामात फरक दिसायचा. कर होता तेवढाच होता.

कर्जतलोकल

नांपुलाकर, वेगळा धागा काढाच. सविस्तर.

अवांतर: एन्रॉन या अमेरिकन कंपनीची आठवण झाली. गुहागरला तिचा दाभोळ वीज प्रकल्प 'उदारीकरणाचा मानबिंदू' म्हणून आणला. महाग वीज, डॉलरशी बांधलेला दर, आणि राज्य वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे. २००१ मध्ये प्रकल्प बंद, मंडळ खड्ड्यात. हाच तो खुला बाजार ना?

नफातोटा

कर्जतलोकल, दाभोळ हे खुल्या बाजाराचे उदाहरण अजिबात नाही. निविदाच काढली नव्हती! वाटाघाटी करून एका कंपनीला दिलेला प्रकल्प, वर सरकारी हमी. आणि गंमत अशी की १९९३ मध्ये जागतिक बँकेनेच त्याला कर्ज द्यायला नकार दिला होता, हे परवडणार नाही म्हणून. बँकेचे तेव्हा ऐकले असते तर महाराष्ट्राचा पैसा वाचला असता. ज्यांना बँक दिसली की शिवी आठवते त्यांनी हे टिपून ठेवावे.

टेक्ससचा_तात्या

नफातोटांचा हा मुद्दा बिनतोड. बँकेच्या हिशेबतपासनीसांना अक्कल असते, गडबड तिच्या उपदेशकांत असते. (हलके घ्या.)

इथे अमेरिकेत बसून एक भर घालतो. हैतीचा तांदूळ. १९९५ मध्ये हैतीने तांदळावरचा आयात कर ३ टक्क्यांवर आणला, नाणेनिधी आणि अमेरिकेच्या दबावाखाली. त्यानंतर अमेरिकन तांदळाचा पूर आला. तो तांदूळ काही मुक्त बाजारातला नव्हता, इथल्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळते. आर्कान्सा हे इथले सगळ्यात मोठे भातपिकाचे राज्य, आणि तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन तिथले. हैतीचा भातशेतकरी मोडला, माणसे राजधानीच्या झोपडपट्ट्यांत आली. मार्च २०१० मध्ये, भूकंपानंतर, क्लिंटनने सिनेटच्या समितीपुढे कबुली दिली की हे धोरण चुकले, आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांचे भले झाले असेल, पण हैतीला स्वतःचे अन्न पिकवता येईनासे झाले. पंधरा वर्षांनी कबुली! तोवर बांध कधीच फुटले होते.

त्यामुळे 'खुला बाजार' म्हणताना कोणाचे दार उघडले आणि कोणाचे बंद राहिले ते आधी बघायचे.

वेंगुर्ल्याची_वहिनी

तात्या, तुम्ही दाराचे काढले म्हणून आमचे दुखणे सांगते. कोकणात सध्या नेमका उलटा वाद आहे. बागायतदार म्हणतात, आफ्रिकेची बी येते म्हणून आमच्या बीला भाव नाही. आयात शुल्क वाढवा, हमीभाव द्या. आम्ही युनिटवाले म्हणतो, शुल्क कमी ठेवा, नाहीतर वर्षातले निम्मे महिने मशीन झाकून ठेवावी लागेल. २०१८ च्या अर्थसंकल्पात शुल्क ५ वरून अडीच टक्के केले तेव्हा आमच्यातले लोक खूश, आणि माझे सख्खे दीर, ज्यांची वेंगुर्ला-४ आणि ७ या काजूच्या जातींची बाग आहे, ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मोझांबिकला निर्यात कर लावला की कारखान्याचे भले, शेतकऱ्याचे नुकसान. इथे आयात शुल्क लावले की शेतकऱ्याचे भले, कारखान्याचे नुकसान. माझ्या घरात दोन्ही पक्ष एका पंगतीला जेवतात, त्यामुळे 'एकच बरोबर धोरण' कोणी सांगू लागले की मला आधी विचारावेसे वाटते, तुम्ही बाग धरून बोलताय की बॉयलर?

खवट_चहा

वहिनींसाठी एक कडक चहा. दिरांसाठीही.

सह्यकडा

वहिनी, पुढे काय झाले ते सांगायचे राहिले होते. २००१ नंतर नांपुला भागात लहान-मध्यम काजू कारखाने उभे राहू लागले. तुमच्याकडच्यासारखेच: वाफवायचे, हाता-पायाच्या कटिंग मशीनवर फोडायचे, अख्खा गर काढायचा. त्यांना तांत्रिक मदत मिळाली, काहींना कर्जाची हमी मिळाली. इन्काजू नावाची सरकारी संस्था झाडांवर भुरीसाठी फवारणी आणि कलमे वाटप करत होती. त्या दशकात काही हजार रोजगार परत आले. जो देश 'काजू फोडण्याच्या लायकीचा नाही' म्हणून १९९५ मध्ये निकालात काढला होता, त्याच देशात.

नफातोटा

हे तर माझ्याच बाजूचे झाले! जुने पांढरे हत्ती मेले म्हणून नवे चपळ कारखाने आले. बँकेने ढकलले नसते तर मापुटोतले ते अजस्र कारखाने आजही अनुदानावर तुकडे पाडत बसले असते.

सह्यकडा

अर्धे मान्य. जुने कारखाने तसेच चालायला नको होते. पण नवे आले ते कच्च्या बीवर १८ टक्के निर्यात कर असताना. १९९५ च्या अटीप्रमाणे तो खाली खाली जायचा होता. तो परत बसवला गेल्यावरच त्यांना बी परवडू लागली. बँकेने जी गोष्ट काढायला सांगितली ती परत ठेवून, आणि बँकेने जी सांगितलीच नाही ती, म्हणजे फवारणी, कलमे, प्रशिक्षण, कर्जहमी, हे सगळे करून ते उभे राहिले. आणि मधल्या वर्षांत घरी बसलेल्या मापुटोतल्या बायकांना नांपुलातल्या नोकऱ्यांचा काय उपयोग? मापुटो ते नांपुला अंतर नकाशावर बघा. देशाची दोन टोके आहेत.

नफातोटा

तो १८ टक्के कर शेवटी कोण भरतो? नांपुलाकरांची ती टोपलीवालीच ना?

नांपुलाकर

बऱ्याच अंशी तीच भरते, नाकारण्यात अर्थ नाही. आम्ही कर धरूनच खालचा भाव सांगायचो. पण स्थानिक कारखाना गावाजवळ आला की तोही बी घ्यायला उतरायचा, आणि त्याला चांगली सुकवलेली बी हवी असायची म्हणून तिच्यासाठी चार पैसे जास्त द्यायचा. आमच्या कंपनीला ते मुळीच आवडायचे नाही. वर हंगामाच्या ऐन मध्यात व्हिएतनामचे खरेदीदार यायला लागले, रोख पैसे घेऊन. २००६ च्या आसपास गराच्या निर्यातीत व्हिएतनामने आपल्याला मागे टाकलेच होते. त्यांच्याकडे यंत्राने फोडतात आणि तरी गर बराचसा अख्खा निघतो. कोल्लमचे कारखाने का बंद पडले ते तिकडे जाऊन विचारा.

माझ्या अनुभवात त्या बाईच्या भावाला सगळ्यात जास्त हात लावला तो तिच्या गावात एका वेळी किती ट्रक उभे आहेत या गोष्टीने. करात फेरफार झाल्यावर महिनोन्महिने काही हलायचे नाही, आणि दुसरा ट्रक आला की संध्याकाळपर्यंत डब्याचा भाव बदललेला असायचा.

कर्जतलोकल

मग बँकेने करापेक्षा रस्त्यावर अट घालायला हवी होती, असे म्हणायचे का?

नांपुलाकर

रस्ता, काटा आणि गोदाम. गावात सरकारी शिक्क्याचा एक काटा असता तरी आमचा दुकानदार दर पोत्यामागे जे मारायचा ते बंद झाले असते. त्याला कर्जाच्या अटीत कधी जागा मिळाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.